रंग पाण्यात पडला

अजिंठा
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय रत्ना,
सलाम.

तू लग्न होऊन सिडकोत गेलीस त्याला दोन वर्षं झाली. एवढ्यात तुला कळवावं असं इथं काही घडलंच नाही. आता घडलंय. आमच्या घरी जपानहून पत्र आलंय.

अब्बा लेणीच्या पायथ्याला टेबल मांडून दगड विकतात ते तुला माहीतच आहे. डिसेंबरात एक जपानी म्हातारी आली होती. पायऱ्या उतरताना तिचा पाय मुरगळला. अब्बांनी टेबल तसंच सोडून तिला हात धरून खाली आणलं. जाताना तिनं एक जांभळा दगड घेतला आणि अब्बांचा पत्ताही लिहून घेतला. अब्बा जपानी इतकं फाडफाड बोलतात (किंमत, नमस्कार, 'बघा बघा', 'पुन्हा या'), की तिला वाटलं असणार, यांना वाचताही येतं. पत्र सगळं जपानीत आहे. एकोणीस ओळी.

अब्बांनी ते टेबलामागच्या फळीवर चिकटवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "बघा, जपानहून तारीफ आलीय." मी म्हटलं, एखाद्या गिऱ्हाइकाकडून वाचून घ्या ना. तर म्हणाले, "पाहुण्याला कशाला कामाला लावायचं?"

रत्ना, ते पत्र मी वाचणार आहे. हसू नकोस. दहावीनंतर मला पुढं पाठवलं नाही. घरात उर्दू आहे, शाळेत मराठी झालं, पोटापुरतं इंग्रजी येतं. अजून एक भाषा मावेल की डोक्यात. तुझे यजमान, राम, एका हॉटेलात कामाला आहेत. तिथं जपानी लोक उतरतात. एखादं पुस्तक मिळतं का, बघशील?

तुझी,
शाइस्ता


औरंगाबाद, सिडको
२ मार्च १९८६

प्रिय शाइस्ता,
सप्रेम नमस्कार.

पुस्तक पाठवतेय. कुणी पाहुणा खोलीत विसरून गेला होता. वर्षभर कपाटात पडून होतं, मॅनेजर म्हणाले घेऊन जा. इंग्रजीतून जपानी शिकवतं, मागं शब्दांची यादी आहे. पहिल्या पानावर चहाचा डाग आहे, तो आमचा नाही.

पण खुळे, एवढा खटाटोप कशाला? पत्राची नक्कल करून पाठव. हे एखाद्या पाहुण्याला दाखवतील, पाच मिनिटांत उलगडा होईल.

इथलं काय सांगू? नळाला दिवसाआड पाणी येतं. चारी बाजूंनी घरं उठतायत आणि प्रत्येक घराच्या गच्चीवर रिकामी टाकी. माझा भाऊ कडुबा मेंढरं घेऊन आला होता. गेल्या वर्षी जिथं मेंढरं बसवली होती तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत. रेघांच्या मधे उभा राहून मला विचारतो, "आक्का, आता यांच्यातून मेंढरं कशी न्यायची गं?" मला हसू आलं. मागून रडूही आलं.

तुझी,
रत्नमाला


अजिंठा
१७ ऑगस्ट १९८६

प्रिय रत्ना,

पाच मिनिटांत उलगडा नको. तसा उलगडा झाला की माझ्याकडं काय उरेल? नक्कल मात्र पाठवतेय. अक्षर न् अक्षर पाहून उतरवलीय. फळीवरचं पत्र उन्हानं उडत चाललंय, म्हणून एक प्रत तुझ्याजवळ राहू दे. कुणाला दाखवायची नाही. शपथ आहे.

सोबत प्रगतिपुस्तक आहे. मीच आखलंय, शाळेतल्यासारखं. महिना, अक्षरं, शब्द, ओळी, शेरा. मला मास्तर नाही, म्हणून शेरा तू लिहायचा आणि पालक म्हणून सहीही तूच करायची. बघ:

मार्च – अक्षरं अकरा. शब्द नाहीत.
एप्रिल – अक्षरं सव्वीस, त्यातली सात पुन्हा विसरले.
मे – काही नाही. टँकर आठवड्यातून एकदा, दिवस रांगेत गेला. रांगेत धुळीवर बोटानं अक्षरं काढली, ती धरावीत का?
जून – सगळी सेहेचाळीस.
जुलै – शब्द नव्वद. चित्रांसारखी अवघड अक्षरं चौदा.

गंमत सांगू? ही भाषा आपल्याला परकी नाहीच. पत्रातल्या ओळी उजवीकडून सुरू होतात, उर्दूसारख्या. फक्त त्या आडव्या जात नाहीत, मण्यांच्या माळा टांगल्यासारख्या वरून खाली लोंबतात. आणि वाक्य मराठीसारखं, क्रियापद शेवटी. 'मी पाणी पिते' हे त्याच क्रमानं म्हणायचं. सगळ्यात नवल म्हणजे प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' लावतात. आपल्यासारखाच 'का'! हे वाचलं तेव्हा मी भाकर तव्यावर टाकून हसत बसले आणि भाकर करपली.

आता ऐक. पत्रात सहीच्या आधीचं शेवटचं अक्षर 'का' आहे. म्हणजे पत्र प्रश्नावर संपतं. त्या बाईनं अब्बांना काहीतरी विचारलंय, रत्ना, आणि ती उत्तराची वाट बघतेय.

तुझी,
शाइस्ता


औरंगाबाद, सिडको
१० नोव्हेंबर १९८६

प्रिय शाइस्ता,

सही करून प्रगतिपुस्तक परत पाठवतेय. शेरा: 'विद्यार्थिनी हुशार आहे, भाकरीकडे लक्ष द्यावे.' धुळीवरची अक्षरं धरली आहेत.

तुझी नक्कल मी लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलीय. दुपारी घर रिकामं असलं की काढून बघते. मला एक अक्षर कळत नाही, पण बघत राहावंसं वाटतं. बाहेर दिवसभर खडी टाकायचा आवाज चालू असतो, वाळूजकडं कारखाने वाढतायत, रोज नवे भाडेकरू विचारत येतात. आणि माझ्या मांडीवर हा इवलासा कागद. असं वाटतं, कुठंतरी लांब एक खिडकी आहे आणि ती जरा उघडी राहिलीय.

यंदाही पाऊस झाला नाही. तिकडं कसं आहे?

तुझी,
रत्नमाला


अजिंठा
८ मार्च १९८७

प्रिय रत्ना,

तिकडं कसं म्हणून विचारलंस. वाघूर नदीत पोरं क्रिकेट खेळतात. विहिरीचा तळ दिसतो, त्यात कुणाची तरी जुनी घागर दिसते. पण आज मला दुष्काळाचं बोलायचं नाही. आज मी श्रीमंत आहे. सातवी ओळ लागली!

प्रगती: शब्द चारशे दहा. चित्राक्षरं एकशे तीस. पत्राच्या ओळी, तुटक तुटक धरून, सात.

पहिल्या ओळींत 'करीम-सान' आहे, म्हणजे आपले अब्बा ('सान' म्हणजे आपल्याकडचं 'साहेब'), आणि खुशाली आहे. मग दगड. मग 'जांभळा'. मग 'नवरा'. मधलं बरंच अजून लागत नाही. आणि मग ही ओळ: 'इरो गा मिझु नि ओचिमाशिता.' एक एक शब्द यादीत शोधला. रंग. पाणी. पडणे. रंग पाण्यात पडला!

रत्ना, डोळे मिटून बघ. तिच्या अंगणात एक छोटं तळं असणार. त्याच्या काठावर तिनं अब्बांचा दगड ठेवलाय. सकाळचं ऊन येतं आणि दगडाचा जांभळा रंग पाण्यात पडतो. तिचा नवरा शेजारी बसलाय. दोघं काही बोलत नाहीत. मासे त्या रंगातून आत जातात आणि बाहेर येतात. मला तर आता टँकरच्या रांगेतही ते तळं दिसतं. माझी घागर रिकामी असते आणि डोळे भरलेले असतात.

मी धावत अब्बांकडं गेले आणि सांगितलं. शेजारच्या टेबलावरचे लोक वाहवा म्हणाले. अब्बांनी मात्र फळीवरच्या पत्राकडं एकदा पाहिलं. म्हणाले, "ऊन लागतंय, घरी जा." आनंद झाला की ते असंच भलतं काहीतरी बोलतात.

शेरा लवकर पाठव.

तुझी,
शाइस्ता


औरंगाबाद, सिडको
२६ एप्रिल १९८७

प्रिय शाइस्ता,

उशीर झाला, रागावू नकोस. सासूबाई आजारी होत्या.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेरा लिहायला बसले आणि सुचेना. छान आहे गं तुझं तळं. फार छान आहे. मला वाटतं, आता एवढ्यावर थांबावंस. पत्राचं सार तर कळलंच आहे. त्यापेक्षा पुस्तकातले धडे कर, बोलायला शीक. सगळंच वाचायला हवं असं कुठं आहे? सावकाश घे.

सही केली आहे. शेऱ्याची जागा कोरी ठेवली आहे.

तुझी,
रत्नमाला


अजिंठा
१९ जुलै १९८७

रत्नमाला,

तू पण?

अब्बांनी फळीवरचं पत्र काढलं आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं. म्हणतात, "रहने दे बेटी, बस झालं शिकणं." अम्मी सांगते की खुलताबादहून एक स्थळ आलंय, मुलाचं नाव बासित, आणि मुलगी भलतंसलतं शिकते हे त्यांच्या कानावर जायला नको. म्हणजे हे कारण. ज्या पत्राची अब्बा वर्षभर मिरवणूक काढत होते ते आता माझ्या लग्नाच्या आड येतंय!

मला वाटलं होतं, निदान तू माझ्या बाजूची आहेस. तर तू लिहितेस सावकाश घे, एवढ्यावर थांब. शहरात राहून तूही सासरकडच्यांसारखं बोलायला शिकलीस.

ट्रंकेला कुलूप लावून काय होणार? एकोणीसच्या एकोणीस ओळी मला पाठ आहेत. अर्थ कळत नसला तरी आकार पाठ आहेत. पाणी शेंदताना मी त्या आठवते. सुटेल एक दिवस.

प्रगतिपुस्तक यापुढं पाठवणार नाही.

शाइस्ता


अजिंठा
७ फेब्रुवारी १९८८

प्रिय रत्ना,

सात महिने तुला लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

पत्र लागलं. जानेवारीत अकरावी ओळ सुटली आणि मग बाकीच्या पटापट उलगडत गेल्या. थांबवावंसं वाटलं तरी थांबेनात. हे बघ, सगळंच लिहिते:

'करीम-सान, आपण बरे असाल. डिसेंबरात आपल्याकडून जांभळा दगड घेतला. माझ्या नवऱ्याला जांभळा रंग आवडायचा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या फोटोपुढं मी रोज सकाळी पाण्याची वाटी ठेवते. त्या वाटीत दगड ठेवला. रंग पाण्यात उतरला. पाणी बदललं, पुन्हा उतरला. चौथ्या दिवशी दगड पांढरा झाला. आधी राग आला. मग वाईट वाटलं. पायऱ्या उतरताना आपण माझा हात धरला होता, आणि तो हात खोटा नव्हता. म्हणून राहवत नाही, विचारते. आपल्याला हे ठाऊक होतं का? – फुमी मोरिता.'

तळं नाही, रत्ना. मासे नाहीत. नवराही नाही. एक वाटी आहे आणि तिच्यात जांभळं पाणी.

मी लेणीकडं गेले. गिऱ्हाईक नव्हतं. अब्बा फडक्यानं दगड पुसत होते. मी सगळं वाचून दाखवलं, आधी जपानीत, मग मराठीत. त्यांनी फडकं खाली ठेवलं नाही.

म्हणाले, "सगळेच रंगवतात, बेटी. पांढऱ्याला कोण विचारतंय?"

मी म्हटलं, "तिनं सगळ्यांचं नाही विचारलं, अब्बा. तुमचं विचारलंय."

त्यांनी हातातला दगड टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मालूम था." मग पुन्हा, स्वतःशीच बोलल्यासारखं, "रंग पाण्यात पडला म्हणून तू नाचत आलीस ना, त्याच दिवशी मला कळलं, बाईनं काय लिहिलंय. तुला वाचू द्यायचं नव्हतं. जपानची बाई लांब आहे गं. तू तर घरातच आहेस."

म्हणजे स्थळाचं ते सगळं निमित्त होतं. आणि मी वर्षभर गावाला त्या तळ्याची गोष्ट सांगत फिरले. मी तेव्हा शिकलेच नसते तर बरं झालं असतं, असं वाटतंय.

शाइस्ता


औरंगाबाद, सिडको
१४ फेब्रुवारी १९८८

प्रिय शाइस्ता,

तुझं पत्र काल आलं. आज लिहिलं नाही तर परत धीर होणार नाही.

मला माहीत होतं.

गेल्या वर्षी जानेवारीत हॉटेलात जपानी पाहुण्यांचा मोठा गट उतरला होता, बरोबर दुभाषी होता. तुझ्या वाढदिवसाला सगळा अर्थ लिहून पाठवावा आणि तुला चकित करावं असं मनात आलं. शपथ मोडली आणि नक्कल यांच्याजवळ दिली. संध्याकाळी घरी आल्यावर यांनी दुभाष्याचं म्हणणं सांगितलं. कागद माझ्या हातात ठेवला. आता शाइस्ताला कसं सांगायचं याचा विचार करत असतानाच तुझं ते तळ्याचं पत्र येऊन पडलं.

खरं सांगते, तुझ्या अब्बांची अब्रू वगैरे माझ्या मनात नंतर आली. आधी आलं ते तळं. त्या आठवड्यात आमच्या नळाला तीन दिवस थेंब नव्हता. बायका बादल्यांवरून भांडत होत्या, एकीच्या कपाळाला खोक पडली होती. आणि मी आत दार लावून तुझ्या तळ्याकाठी बसले होते. ते माझ्या हातानं कसं आटवू? म्हणून लिहिलं, थांब.

तू एवढं रागावलीस, ते बरोबरच होतं. पण शिकले नसते तर बरं, असं लिहू नकोस. दुभाष्यानं यांना जे सांगितलं ते तीन वाक्यांचं होतं: दगड खोटा निघाला, बाई नाराज आहे, विचारतेय माहीत होतं का. हाताचं त्यात नव्हतं. 'तो हात खोटा नव्हता' हे मी पहिल्यांदा तुझ्या पत्रात वाचलं. ते तुझ्याशिवाय कुणाला दिसलं नसतं.

बाई अजून वाट बघत असेल. उत्तर दे.

तुझीच,
रत्नमाला


अजिंठा
२० मार्च १९८८

प्रिय रत्ना,

रागवायचं ठरवलं होतं, पण तू दार लावून तळ्याकाठी बसलेली डोळ्यांपुढं आलीस आणि राग राहिला नाही.

उत्तर गेलं. कसं गेलं ते ऐक.

तुझं पत्र वाचून मी अब्बांना म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहिते." ते चार दिवस टाळत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी टँकर येऊन गेला. अब्बांनी टेबलावरचे सगळे जांभळे, गुलाबी, निळे दगड पोत्यात भरून आणले आणि अम्मीला म्हणाले, "घंगाळ भर." अम्मी ओरडली, "वेड लागलं का? प्यायचं पाणी आहे!" ते म्हणाले, "माझ्या वाट्याचं दे. मी आज अंघोळ करणार नाही, उद्याही नाही."

अंगणात बसून त्यांनी एकेक दगड बुडवला आणि घासला. पाणी आधी गुलाबी झालं, मग जांभळं, मग शाईसारखं काळपट. शेजारचे भिंतीवरून बघत होते, पण त्यांनी मान वर केली नाही. चाळीसेक दगड पांढरे होऊन उन्हात पडले तेव्हा अंगणात कुणी मीठ सांडल्यासारखं दिसत होतं. अम्मी मगाशी इतकी भांडली होती, पण ती गुपचूप येऊन त्यांच्या शेजारी बसली आणि फडक्यानं दगड पुसू लागली.

मग अब्बा म्हणाले, "लिही. होय, मला ठाऊक होतं."

सव्वीस वाक्यं झाली. आठ दिवस लागले. माफी मागायच्या त्यांच्यात कितीतरी तऱ्हा आहेत, सगळ्यात खाली वाकणारी कुठली ते शोधलं. पत्ता लिहिताना तीन पाकिटं वाया गेली. सोबत एक पांढरा दगड पाठवलाय, जन्मापासून पांढरा.

टेबलावर आता रंगीत काही नाही. निम्मी गिऱ्हाइकं बघून पुढं जातात. अब्बांनी माझ्याकडून एक वाक्य शिकून घेतलंय, 'इरो वा त्सुकेते इमासेन', रंग लावलेला नाही. चुकीच्या जागी जोर देतात, पण म्हणतात.

खुलताबादचं स्थळ अजून आहे. बासितनं विचारून पाठवलंय, मुलगी खरंच जपानी वाचते का? मी 'हो' कळवलंय. बघू.

तुझी,
शाइस्ता


अजिंठा
४ सप्टेंबर १९८८

प्रिय रत्ना,

काल दुपारी पोस्टमन जाड पाकीट देऊन गेला. फुमीबाईंचं. आत माझंच पत्र होतं, परत आलेलं.

आधी वाटलं, तिनं ते घेतलंच नाही. उलगडून बघते तर पानभर लाल शाई. वाक्यामागून वाक्यावर लाल गोल. गोल, गोल, गोल. अधूनमधून एखादी बरोबरची खूण. मोजलं. खुणा अकरा आणि गोल पंधरा. म्हणजे सव्वीसपैकी पंधरा वाक्यं चुकीची. आपल्या शाळेत गोल म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

मी ओट्यावर बसून रडले गं. चुकल्याचं रडू नव्हतं. वाटलं, अब्बांनी एवढं कबूल केलं आणि माझ्या मोडक्या भाषेत ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. अब्बा शेजारी उभे होते. म्हणाले, "अकरा तर बरोबर आहेत ना?"

मग पाकिटातला दुसरा कागद अम्मीनं दाखवला. सहाच ओळी. यादी न उघडता वाचल्या, फक्त दोन अक्षरांना अडले:

'शाइस्ता-सान, उत्तर पोचलं. वडिलांना सांगा, मनातलं ओझं उतरलं. पांढरा दगड वाटीत आहे, पाणी स्वच्छ आहे. मी अडतीस वर्षं शाळेत शिकवलं, लाल पेन हातातून सुटत नाही, माफ करा. परदेशात उलट असतं असं ऐकलंय, म्हणून सांगते. आमच्याकडं जे बरोबर त्याला गोल करतात, खूण केलेली ती चूक. ती अकरा पुन्हा लिहून पाठवा.'

रत्ना, पंधरा बरोबर!

अब्बांना सांगितलं तर ते पान माझ्या हातातून ओढून घेऊन उलटंच धरून बघत राहिले. 'होय, मला ठाऊक होतं' या वाक्यावर कुठली खूण आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी बोट ठेवून दाखवलं. त्यावर गोल होता, सगळ्यांत मोठा, आणि त्याच्याभोवती फुलासारख्या पाकळ्या काढल्या होत्या.

आता पुरे करते. अकरा वाक्यं लिहायचीत. चौथं तर मला अजूनही बरोबरच वाटतंय.

तुझी,
शाइस्ता